कोअर मागितले तेवढे दिले, मग काम अडते कुठे?

या सदराकडे बेळगाव आणि निपाणी भागातून गेल्या काही दिवसांत आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे जवळजवळ एकाच तक्रारीची आहेत. कंटेनरला (प्रोग्रॅम ज्या बंदिस्त पेटीत चालतो तिला) कोअर (प्रोसेसरचे गणना करणारे भाग) नेमून दिले, आकडा फाइलमध्ये दिसतो, तरी प्रोग्रॅम अपेक्षेप्रमाणे चालत नाही, असे पाचही जणांचे म्हणणे आहे. पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या काही उत्तरांचा पायाही तेथेच आहे.

प्रश्न : आम्ही चिकोडी परिसरातील साखर कारखान्यांसाठी वजनकाट्याच्या पावत्यांची सेवा चालवतो. सेवा गो भाषेच्या १.२२ आवृत्तीत लिहिलेली असून कुबर्नेटीसवर, म्हणजे अनेक यंत्रांवर कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेवर, चालते. प्रत्येक नोड (त्यातील एकेक यंत्र) सोळा कोअरचा आहे आणि कंटेनरला सीपीयूची लिमिट २ दिली आहे. गळीत हंगामात रात्री ट्रॅक्टरांची रांग लागली की काही पावत्यांना दोन-दोन सेकंद लागतात. आलेखात मात्र सरासरी वापर १.१ कोअरच्या वर जात नाही आणि नोड अर्धा मोकळा असतो. लिमिट ४ करावी काय? — एक वाचक, चिकोडी

उत्तर : लिमिटच्या पुढे २ लिहिले म्हणजे दोन कोअर बाजूला काढून आपल्या कंटेनरच्या हवाली केले, हा समज सर्वत्र आढळतो आणि आपल्या अडचणीचे मूळही तेथेच आहे. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, येथे कोअर मोजत नाही, वेळ मोजतो. कुबर्नेटीसच्या मूळ मांडणीत हा हिशेब १०० मिलिसेकंदांच्या पाळीने होतो, आणि लिमिट २ याचा अर्थ एवढाच की प्रत्येक पाळीत कंटेनरमधील सर्व थ्रेडनी (प्रोग्रॅममधील एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांनी) मिळून २०० मिलिसेकंद सीपीयू-वेळ वापरावा. तो कोणत्या कोअरवर आणि एका वेळी किती कोअरवर वापरावा, यावर लिमिटचे काही बंधन नाही.

वाडीच्या टाकीत दर तासाला ठराविक पाणी सोडले जाते असे समजा. दोन नळ उघडे असतील तर ते तासभर पुरेल. सोळा नळ एकदम सोडले तर काही मिनिटांतच टाकी रिकामी होईल आणि पुढचे पाणी येईपर्यंत सोळाही जण कोरड्या हंड्यांसह उभे राहतील. आपल्या कंटेनरमध्ये नेमके हेच घडत असावे. गो भाषेच्या १.२५ पूर्वीच्या आवृत्त्या एका वेळी किती थ्रेड चालवायचे हे ठरवताना यंत्रावर दिसणारे कोअर मोजतात, कंटेनरची लिमिट पाहत नाहीत. त्यामुळे आपला प्रोग्रॅम स्वतःला सोळा कोअरचा धनी समजतो. गर्दीच्या क्षणी सोळा थ्रेड एकदम धावले की २०० मिलिसेकंदांचा वाटा साडेबारा मिलिसेकंदांत संपतो आणि पाळीतील उरलेले साडेसत्याऐंशी मिलिसेकंद कर्नल संपूर्ण कंटेनरला थांबवून ठेवतो. ज्या कामाला एकूण ६०० मिलिसेकंद सीपीयू-वेळ लागतो, ते मोकळ्या यंत्रावर सोळा थ्रेडमध्ये ४० मिलिसेकंदांच्या आत संपले असते. येथे त्याच्या तीन पाळ्या होतात आणि ते संपायला २१० मिलिसेकंदांहून अधिक लागतात. अशी पाच-सात कामे एकामागे एक अडकली की पावतीला दोन सेकंद लागणे आश्चर्याचे राहत नाही.

आलेखात हे का दिसत नाही, हेही यातून उलगडते. आपला आलेख बहुधा मिनिटाची सरासरी काढतो. साडेबारा मिलिसेकंदांची धाव आणि त्यानंतरचा थांबा मिनिटाच्या सरासरीत विरून जातो, आणि १.१ हा निरुपद्रवी आकडा तेवढा समोर येतो. सीपीयूच्या वापराचा आलेख पाहून लिमिटविषयी निर्णय घेऊ नये, असे मी या सदरात पूर्वीही लिहिले आहे आणि पुन्हा लिहावे लागेल अशी चिन्हे आहेत.

खरा पुरावा सी-ग्रुपच्या, म्हणजे लिनक्समधील साधन-वाटपाच्या यंत्रणेच्या, सीपीयू-डॉट-स्टॅट या फाइलमध्ये असतो. सी-ग्रुपची दुसरी आवृत्ती असलेल्या नोडवर ती कंटेनरच्या आतूनच, सिस फोल्डरखालील एफएस आणि त्याखालील सीग्रुप या जागी वाचता येते. तिच्यातील तीन ओळी महत्त्वाच्या आहेत : किती पाळ्या झाल्या, त्यांपैकी किती पाळ्यांत कंटेनरला थांबवले गेले, आणि थांबण्याचा एकूण काळ किती. हे आकडे कंटेनर सुरू झाल्यापासूनचे एकत्रित असतात. म्हणून एकदाच वाचून उपयोग नाही. रांग लागलेली असताना दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा वाचून वजाबाकी करावी. दहा मिनिटांत जास्तीत जास्त ६,००० पाळ्या होतात. समजा फरक ५,८०० पाळ्यांचा आला आणि त्यांतल्या १,७४० पाळ्यांत थांबवणूक झाली, तर तीस टक्के पाळ्यांत आपली सेवा काही काळ श्वास रोखून उभी होती असा त्याचा अर्थ होतो. थांबण्याचा काळ दुसऱ्या आवृत्तीत मायक्रोसेकंदांत, तर पहिल्या आवृत्तीत नॅनोसेकंदांत दिलेला असतो. जुन्या आणि नव्या नोडचे आकडे शेजारी ठेवताना हजारपटीचा घोटाळा होतो तो यामुळे.

आता उपाय. लिमिट लगेच ४ करू नये. तसे केल्यास सोळा थ्रेड साडेबाराऐवजी पंचवीस मिलिसेकंद धावतील आणि पुन्हा थांबतील. दुखणे कमी होईल, जाणार नाही. प्रथम, एका वेळी किती थ्रेड चालावेत हे ठरवणाऱ्या गो-मॅक्स-प्रॉक्स या पर्यावरण-चलाची किंमत २ ठेवावी, किंवा सेवा १.२५ किंवा त्यापुढील आवृत्तीवर बांधून घ्यावी, कारण ती लिमिट स्वतः वाचते. त्यानंतर त्याच वेळी, तशाच गर्दीत पुन्हा मोजावे. थांबवणुकीचे प्रमाण उतरले आणि तरीही पावती रेंगाळत असेल, तर सेवेला खरोखरच दोन कोअरपेक्षा जास्त वेळ हवा आहे असे समजावे आणि मग लिमिट वाढवावी. दोन्ही बदल एकाच रात्री केले तर गुण कशाचा आला हे कळणार नाही.

लिमिट काढूनच टाकावी काय, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण पुढच्या पत्रात विचाराल असे वाटते. माझे मत असे की क्लस्टर (नोडांचा समूह) पूर्णपणे आपल्या ताब्यात असेल आणि प्रत्येक कंटेनरची रिक्वेस्ट, म्हणजे राखून मागितलेला वाटा, विचारपूर्वक लिहिलेली असेल, तर ज्या सेवेने चटकन उत्तर द्यायचे आहे तिला सीपीयूची लिमिट नसणेच बरे. कोअरसाठी ओढाताण झाली की कर्नल रिक्वेस्टच्या प्रमाणात वेळ वाटतो, आणि ओढाताण नसताना मोकळा वेळ फुकट जात नाही. मेमरीची लिमिट मात्र कधीही काढू नये. शिवाय येथे एक खाच आहे. फाइलमध्ये फक्त लिमिट लिहिलेली असेल तर कुबर्नेटीस तोच आकडा रिक्वेस्ट म्हणून धरते. अशा वेळी लिमिटची ओळ पुसली की रिक्वेस्टही नाहीशी होते आणि गर्दीत आपल्या सेवेच्या वाट्याला सर्वांत शेवटचा घास येतो. म्हणून आधी रिक्वेस्टची ओळ लिहावी, मग लिमिटची पुसावी, आणि नेमस्पेसमध्ये (क्लस्टरमधील आपल्या विभागात) लिमिट-रेंज हा आपोआप लिमिट भरणारा नियम लावलेला असेल तर तो पुसलेली लिमिट परत चिकटवत नाही ना, हे चालू पॉडचे (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटाचे) वर्णन काढून पाहावे.

हा दोष एकट्या गो भाषेचा नाही. जावाने दहाव्या आवृत्तीपासून, आणि आठव्या आवृत्तीच्या १९१व्या सुधारणेपासून, कंटेनरची लिमिट पाहण्यास सुरुवात केली. त्याआधीची जावा कोठे चालू असेल तर तेथेही हाच प्रकार आढळेल. पायथनमधील कोअर मोजण्याचे नेहमीचे फंक्शनही संपूर्ण यंत्राचेच कोअर सांगते, आणि त्या आकड्याला दोनने गुणून वर एक मिळवून कामगार-प्रक्रिया सुरू करण्याची प्रथा असल्याने सोळा कोअरच्या नोडवर तेहेतीस प्रक्रिया उभ्या राहतात.

प्रश्न : आमच्या तीन नोडच्या क्लस्टरमध्ये नवा पॉड पेंडिंग राहतो आणि सीपीयू अपुरा असल्याचा संदेश येतो. प्रत्यक्षात तिन्ही नोडवर वीस टक्केही वापर नाही. पॉड कोणत्या नोडवर बसवायचा हे ठरवणारा शेड्यूलर खोटे बोलतो काय? — एक वाचक, निपाणी

उत्तर : शेड्यूलर खोटे बोलत नाही, तो वापर पाहतच नाही. नोडवर कोणत्या पॉडने किती सीपीयू मागून ठेवला आहे, म्हणजे रिक्वेस्टची बेरीज किती झाली आहे, एवढेच तो पाहतो. निपाणी स्टँडवर कोल्हापूरची एसटी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली जाते, हे दृश्य आपल्या परिचयाचे असेल. रुमालवाला अजून रसवंतीवर असला तरी ती जागा धरलेलीच मानली जाते. एक फरक तेवढा आहे : गाडीत आधीच चढलेला दुसरा प्रवासी रुमालवाला येईपर्यंत तेथे टेकू शकतो, तसा चालू असलेला दुसरा कंटेनर तो पडून असलेला वेळ वापरू शकतो, पण शेड्यूलर रुमाल असलेल्या जागेचे नवे तिकीट फाडत नाही.

आपण नोडचे वर्णन मागवून त्यातील वाटप झालेल्या साधनांचा तक्ता पाहावा. चार कोअरच्या नोडवर व्यवस्थेसाठी राखलेला भाग वजा जाता ३.८ उरले असतील आणि ३.२ मागून ठेवलेले असतील, तर प्रत्येक नोडवर ०.६ शिल्लक राहते. तिन्ही मिळून १.८ होत असले तरी एक कोअर मागणारा पॉड एकाही नोडवर मावत नाही, कारण पॉड दोन नोडांवर वाटून बसवता येत नाही. पुष्कळदा मुख्य कंटेनरची मागणी माफक असते आणि सुरुवातीला क्षणभर चालणाऱ्या इनिट कंटेनरची मागणी मोठी असते; शेड्यूलर या दोन्हींपैकी जी मोठी तीच धरतो, हेही तपासावे. त्यानंतर जुन्या पॉडच्या रिक्वेस्ट प्रत्यक्ष वापराशी ताडून खाली आणाव्यात. नवा नोड विकत घेण्याची पाळी बहुधा येणार नाही.

प्रश्न : उद्यमबागेतील आमच्या फाउंड्रीत ओतकामाचे सिम्युलेशन, म्हणजे साच्यात धातू कसा भरेल आणि कसा थिजेल याची गणिते, कंटेनरमध्ये चालवतो. शेजारच्या कामांचा त्रास होऊ नये म्हणून कुबलेटचे, म्हणजे प्रत्येक नोडवर कंटेनर चालवणाऱ्या कुबर्नेटीसच्या सेवेचे, सीपीयू धोरण स्टॅटिक केले. प्रथम कुबलेट सुरूच होईना. ते कसेबसे सुरू झाले, तर सिम्युलेशनला स्वतंत्र कोअर मिळालेच नाहीत. — एक अभियंता, बेळगाव

उत्तर : आपल्याला हवी आहे ती गोष्ट पहिल्या पत्रापेक्षा वेगळी आहे. तेथे वेळेचा वाटा होता, येथे खरोखरच ठराविक कोअर एका कंटेनरच्या नावे लावून घ्यायचे आहेत. ही सोय कुबर्नेटीसच्या १.२६ या आवृत्तीत स्थिर म्हणून जाहीर झाली, परंतु तिच्या अटी काटेकोर आहेत आणि त्यांतील एक जरी चुकली तरी ती निमूटपणे बाजूला होते. पॉड नेहमीसारखा चालू होतो आणि कोठेही तांबडी ओळ दिसत नाही. मला स्वतःला हा मूकपणा या सोयीचा सर्वांत मोठा दोष वाटतो.

कुबलेट सुरू न होण्याची कारणे साधारणपणे दोन असतात. स्टॅटिक धोरणात व्यवस्थेसाठी काही सीपीयू राखून ठेवणे सक्तीचे आहे, आणि राखीव आकडा शून्य असेल तर कुबलेट उभेच राहत नाही. दुसरे असे की जुन्या धोरणाची नोंद कुबलेटच्या फोल्डरमध्ये सीपीयू-मॅनेजर-स्टेट नावाच्या फाइलमध्ये राहिलेली असते, आणि ती नव्या धोरणाशी जुळत नाही. योग्य क्रम असा : नोड रिकामा करावा, कुबलेट थांबवावे, ती फाइल काढून टाकावी, धोरण बदलावे आणि मग कुबलेट सुरू करावे. नोडवरील कोअरची संख्या पुढे बदलली, उदाहरणार्थ आभासी यंत्राला चार कोअर वाढवून दिले, तरीही हाच क्रम पुन्हा करावा लागतो.

स्वतंत्र कोअर न मिळण्याचे कारण शोधताना पॉडचा सेवा-दर्जा पाहावा. तो गॅरंटीड असला पाहिजे, आणि त्यासाठी पॉडमधील प्रत्येक कंटेनरची सीपीयू व मेमरी या दोन्हींची रिक्वेस्ट आणि लिमिट तंतोतंत सारखी हवी. मुख्य कंटेनर नीट लिहिलेला असतो. घात करतो तो लॉग गोळा करणारा जोडीचा लहान कंटेनर, ज्याला कोणी लिमिट लिहिलेलीच नसते. त्या एकामुळे संपूर्ण पॉड बर्स्टेबल दर्जात घसरतो. दर्जा बरोबर असूनही आकडा ७.५ असा अपूर्णांकात असेल तर तो कंटेनर सामाईक कोअरवरच राहतो; पूर्णांकच हवा.

मिळाले की नाही हे डोळ्यांनी पाहता येते. कंटेनरच्या आत प्रॉक फोल्डरमधील स्वतःच्या स्टेटस फाइलमध्ये परवानगी असलेल्या सीपीयूंची यादी असते. तेथे ०-३१ असे संपूर्ण यंत्र दिसले तर सोय लागू झालेली नाही. ४-७, २०-२३ असे मोजके आकडे दिसले तर झाली आहे.

असे दोन तुकड्यांतले आकडे दिसले तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हायपरथ्रेडिंग चालू असलेल्या यंत्रावर कुबर्नेटीसचा एक सीपीयू म्हणजे एक तार्किक थ्रेड असतो, अख्खा कोअर नव्हे. आपण आठ मागितले तर साधारणपणे चार प्रत्यक्ष कोअर त्यांच्या दोन्ही थ्रेडसह मिळतात. ओतकामाच्या गणितांत एकाच कोअरवरचे दोन थ्रेड त्याच गणनयंत्रणेसाठी आणि त्याच कॅशसाठी भांडतात. त्यामुळे आठ थ्रेडवर चालवलेले काम चार थ्रेडच्या दुप्पट वेगाने होईल ही अपेक्षा सोडावी लागते. सोळा मागून सॉल्व्हरला आठच थ्रेड सांगावेत आणि ते निरनिराळ्या कोअरवर बसवावेत, हा प्रयोग एकदा अवश्य करून पाहावा. यंत्रात दोन प्रोसेसर असतील तर टोपॉलॉजी मॅनेजरचे एकाच नूमा नोडचा (प्रोसेसर आणि त्याच्या जवळची मेमरी यांच्या जोडीचा) आग्रह धरणारे धोरणही लावावे, नाहीतर निम्मे थ्रेड दुसऱ्या प्रोसेसरच्या मेमरीकडे हेलपाटे घालत बसतात.

आणि एक मर्यादा मान्य करावी : कुबलेट इतर कंटेनरना आपल्या कोअरवरून दूर ठेवते, पण कर्नलची स्वतःची कामे आणि कंटेनरबाहेरच्या सेवा यांना ते अडवत नाही. सिम्युलेशनला एवढ्या शुद्ध एकांताची सहसा गरज नसते.

प्रश्न : सीपीयूची लिमिट ओलांडली म्हणून पॉड मारला जातो काय? आमच्या पतसंस्थेच्या प्रणालीत व्याजाची आकारणी सुरू झाली की पॉड पुन्हा पुन्हा सुरू होतो. — एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही. मेमरीची लिमिट ओलांडल्यास कंटेनर मारला जातो, सीपीयूची ओलांडल्यास तो केवळ थांबवला जातो. पण थांबवलेला कंटेनर तब्येतीची विचारपूस करणाऱ्या लाइव्हनेस प्रोबला वेळेत उत्तर देऊ शकत नाही. काही न लिहिल्यास प्रोब एकच सेकंद वाट पाहतो, दर दहा सेकंदांनी विचारतो आणि सलग तीन अपयशांनंतर कुबलेट कंटेनर नव्याने सुरू करते. आपल्या पॉडच्या घटनांच्या यादीत प्रोब अयशस्वी झाल्याची नोंद आहे की मेमरी संपल्याचे कारण आहे, हे आधी पाहावे. १३७ हा निर्गम-अंक दोन्हींत येऊ शकतो, त्यामुळे त्यावरून निदान करू नये. पहिले कारण असेल तर प्रोबची वाट पाहण्याची मुदत वाढवावी आणि व्याज-आकारणी वेगळ्या पॉडमध्ये न्यावी. ग्राहकांना उत्तर देणारी सेवा आणि रात्रीची आकडेमोड एकाच वाट्यावर जगवू नयेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. आमच्या क्लस्टरवर स्लर्म ही कामांची रांग लावून कोअर वाटणारी प्रणाली असून कामे अ‍ॅपटेनर या साधनाच्या कंटेनरमध्ये चालतात. स्लर्मची आवृत्ती बदलल्यापासून आठ कोअर मागणारे जुनेच काम जवळजवळ आठपट वेळ घेते. स्क्रिप्टमध्ये एक अक्षरही बदललेले नाही. — एक प्राध्यापक, बेळगाव

उत्तर : स्क्रिप्ट बदलली नाही हेच कारण आहे, सर. अ‍ॅपटेनर सहसा स्वतःची वेगळी कोअर-मर्यादा लावत नाही. स्लर्मने कामाला जे कोअर दिले तेच आतल्या प्रोग्रॅमला मिळतात. म्हणून संशय कंटेनरवर न घेता स्लर्मवर घ्यावा. स्लर्मच्या २२.०५ या आवृत्तीपासून एसबॅचच्या (काम रांगेत पाठवण्याच्या आज्ञेच्या) मथळ्यात लिहिलेली प्रति-कार्य सीपीयूंची संख्या एसरन ही कामातील एकेक पायरी चालवणारी आज्ञा आपोआप उचलत नाही. आपल्या स्क्रिप्टमध्ये वर आठ सीपीयू मागितलेले असतील आणि खाली नुसते एसरन लिहून त्यापुढे अ‍ॅपटेनरची आज्ञा असेल, तर कामाच्या नावावर आठ कोअर लागतात, पण ती पायरी एकाच कोअरवर चालते. उरलेले सात कोअर काम संपेपर्यंत अडून राहतात आणि रांगेतले विद्यार्थी वाट पाहतात.

खात्री करण्यासाठी तेच काम लहान करून दोनदा पाठवावे, एकदा एसरनसह आणि एकदा एसरनशिवाय, आणि दोन्ही वेळा कंटेनरच्या आतून वर सांगितलेली परवानगीच्या सीपीयूंची यादी छापून घ्यावी. पहिल्या यादीत एक कोअर आणि दुसरीत आठ दिसले तर निदान पक्के. उपाय म्हणून एसरनच्या आज्ञेतच प्रति-कार्य सीपीयूंची संख्या पुन्हा लिहावी, किंवा एसरन-सीपीयूज-पर-टास्क हे चल स्क्रिप्टच्या आरंभी भरून ठेवावे. ओपन-एमपीच्या (काम थ्रेडमध्ये वाटण्याच्या पद्धतीच्या) थ्रेडची संख्याही त्याच आकड्याला बांधावी, हाताने वेगळी लिहू नये. एका कोअरवर आठ थ्रेड लोटले गेले तर काम एका थ्रेडपेक्षाही हळू होऊ शकते.

काही विद्यार्थी घाईने कार्यांची संख्या आठ आणि प्रति-कार्य सीपीयू एक असे उलट लिहितात. तसे केल्यास एमपीआय (निरनिराळ्या प्रक्रियांत काम वाटण्याची पद्धत) न वापरणाऱ्या प्रोग्रॅमच्या आठ स्वतंत्र प्रती सुरू होतात, आठही तेच गणित करतात आणि एकाच निकाल-फाइलवर एकमेकांचे लिहिलेले पुसत राहतात. क्लस्टरवर सर्वांसाठी एकच नमुना-स्क्रिप्ट ठेवून तीत हे दोन्ही आकडे स्पष्ट लिहून द्यावेत, आणि जुन्या स्क्रिप्टमध्ये नुसते एसरन कोठे कोठे आहे ते एकदा शोधून काढावे.